कडेवरचा भाऊ

तंबूशाळा, ऊसतोडीचा पडाव,
बारडोलीजवळ
१२ डिसेंबर २०२२

मा. मुख्याध्यापक,
शासकीय आश्रमशाळा, देवबारी, जि. नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

मी सौ. सुनंदा भोळे. सुरतेत मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मराठी येतं म्हणून यंदा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उघडलेल्या तंबूशाळेवर माझी नेमणूक झाली आहे.

इथल्या पडावावर आपल्या शाळेची एक मुलगी आहे. थावरी चिंधा पाडवी, वय अकरा, इयत्ता पाचवी. तिचं नाव आमच्या ऑनलाइन नोंदीत घेता येत नाही, कारण ते आपल्याकडे चालू दिसतं. कृपया नाव कमी करून दाखला लवकर पाठवावा. मुलगी हुशार आहे. तिचं वर्ष फुकट जाऊ नये.

आपली,
सुनंदा भोळे


देवबारी
२७ डिसेंबर २०२२

सौ. भोळे बाईंस,

पत्र मिळालं. दाखला पाठवणार नाही, क्षमा असावी.

होळीच्या आसपास तिथला ऊस संपेल. तुमचा तंबू गुंडाळला जाईल आणि पोर परत डोंगरात येईल. तेव्हा हजेरीत नाव नसलेली पोर मी कुठे बसवू? पुन्हा दाखल करायचं तर तुमच्या राज्याचे कागद आमच्या राज्यात चालत नाहीत. अशी तीन मुलं मी याआधी घालवली आहेत. त्यांतला एक आता मुकादमाचा ट्रॅक्टर चालवतो.

शिवाय दाखला देणं म्हणजे तिने शाळा सोडली, असं मी लिहून देणं. तिने शाळा सोडलेली नाही. तिला नेलं आहे.

ती हुशार आहे हे आम्हांला ठाऊक आहे.

रघुनाथ वसावे
मुख्याध्यापक


डिंडोली, सुरत
६ जानेवारी २०२३

वसावे सर,

तुमचं पत्र वाचून रागच आला. घरी ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, "सरकारी माणूस आहे, नियम सांगणारच." (हे बँकेत आहेत, तेही दिवसभर नियमच सांगतात.) पण 'तिला नेलं आहे' या वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा अडते आहे, म्हणून लिहिते.

पडाव कालव्याच्या काठी आहे. उसाच्या पाचटाच्या आणि काळ्या प्लास्टिकच्या खोपी. आईबाप उजाडायच्या आत कोयते घेऊन जातात ते दुपार कलल्यावर येतात. मागे राहते थावरी आणि तिचा भाऊ राजू. तो अजून चालत नाही. ती रोटले भाजते, पाणी आणते, भांडी घासते आणि राजूला कडेवर घेऊन तंबूत येते. सगळ्यांत मागे, दारापाशी उभी राहते. गणितं उभ्यानेच करते. पाटी दुसऱ्या मुलीच्या हातात, उत्तर हिच्या तोंडून.

मी म्हटलं, "अगं, खाली बस की."

"बाई, बसले की हा रडतो."

"तुमच्या आश्रमशाळेत राहायला-जेवायला मिळतं ना? मग इकडे कशाला आलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, "याला कोण घेईल?"

तिची आजी मागच्या वर्षी वारली, असं तिच्या आईने, सिंगीने, सांगितलं. तोवर थावरी तुमच्याकडे राहत होती.

दाखला नका देऊ. पण दुसरं काय करता येईल ते सांगा.

सुनंदा भोळे


देवबारी
२० जानेवारी २०२३

सुनंदाताई,

ताई म्हटलं, राग नसावा.

मीही पडावावरचं पोर आहे. तेव्हा तुमच्याकडे तंबू नव्हता आणि आमच्याकडे शाळा नव्हती. माझी मोठी बहीण मला कडेवर घेऊन असायची. पुढे सागाच्या वाशांवर कौलं टाकून इथे आश्रमशाळा उघडली आणि मला सहावं लागलेलं होतं, म्हणून मला घेतलं. बहिणीचं वय होऊन गेलं होतं. मी हेडमास्तर झालो, ती अजून अंगठा लावते. तुमचं पत्र वाचताना मला थावरी दिसली नाही, बहीण दिसली.

तर ऐका. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी एक कार्ड काढायची सोय आहे. आमच्या भागात कोणी वापरत नाही, कारण पलीकडचा शिक्षक ते भरून देईल याची खात्री नसते. मी थावरीचं आणि आमच्या इतर अकरा मुलांचं कार्ड पाठवतो. नाव इथेच राहील. तुम्ही हजेरी आणि तोंडी-लेखीचे गुण भरून, सही करून परत पाठवा. मी ते धरीन. आमच्या वरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला मान्य नसेल तर मी त्यांच्याशी भांडेन.

इथे फोनसाठी टेकडी चढावी लागते. पत्रच बरं.

रघुनाथ वसावे


डिंडोली
४ एप्रिल २०२३

रघुनाथभाऊ,

बाराच्या बारा कार्डं सोबत आहेत. आमच्या वरिष्ठांनी आधी विचारलं, "हे दुसऱ्या राज्याचं काम आपण का करायचं?" मग आमच्याकडून महाराष्ट्रात गेलेल्या मजुरांच्या मुलांचं उदाहरण दिलं, तेव्हा पटलं. पुढच्या वर्षी आणखी तंबूशाळांत हे चालू करू म्हणाले.

थावरीने गणितात पंचवीसपैकी बावीस मिळवले आहेत. शेवटच्या दिवशी राजू तंबूत पहिली पावलं टाकत गेला आणि फळ्यावर आपटला. सगळी मुलं हसली, थावरी सगळ्यांत जास्त.

तंबू गुंडाळला. वाईट वाटलं.

सुनंदा


देवबारी
९ जुलै २०२३

सुनंदाताई,

कार्डं चालली! थावरी सहावीत बसली. प्रकल्प कार्यालयाने दहा शाळांना आपला नमुना पाठवला आहे. आपली दोघांची नावं त्यात नाहीत, ते ठीकच आहे.

पण खरी अडचण कार्डाची नाही, हे तुमच्याच पत्रातून कळलं. आमच्या वसतिगृहात मुलींच्या खाटा दरवर्षी दिवाळीनंतर रिकाम्या होतात. कार्यालयातले म्हणतात, पालकांना शिक्षणाची आवड नाही. मी या उन्हाळ्यात अकरा पाड्यांवर फिरलो. रिकाम्या खाटेवाल्या प्रत्येक मुलीच्या घरी पाळण्यातलं नाहीतर रांगणारं मूल आहे. मुली शाळा सोडून जात नाहीत. भावंडाला घेऊन जातात.

म्हणून मी मागणी केली आहे: वसतिगृहात एक खोली आणि एक मावशी द्या. तोडीच्या हंगामात मुलींची लहान भावंडं तिथे राहतील. उत्तर यायचं आहे.

रघुनाथ


डिंडोली
२ ऑक्टोबर २०२३

भाऊ,

उत्तर आलं का? इकडे साखरवाल्यांचे मुकादम मजुरांना आगाऊ उचल वाटायला निघाले असतील. यंदा थावरी माझ्या तंबूत दिसू नये, असं एकदा वाटतं. मग लगेच वाटतं, ती नसली तर मी शिकवू कोणाला? शिक्षकाचं मन असं असतं बघा.

आमच्या आदित्यला तुमच्या पत्रांचं नवल वाटतं. म्हणतो, "मम्मी, आ जमानामां कोण कागळ लखे?" या काळात पत्रं लिहितं कोण, असं त्याला वाटतं. मी म्हटलं, आम्ही दोघं लिहितो.

सुनंदा


देवबारी
१९ नोव्हेंबर २०२३

सुनंदाताई,

उत्तर आलं. सहा वर्षांखालच्या मुलासाठी आश्रमशाळेत तरतूद नाही. तशी बालकं अंगणवाडीच्या खात्यात येतात. अंगणवाडीला विचारलं, तर त्यांच्याकडे मुक्कामाची तरतूद नाही. दोघंही खरं बोलतात.

चिंधा आणि सिंगी निघायच्या आदल्या दिवशी थावरीला न्यायला आले. मी म्हटलं, "पोरगी राहू दे. राजूही राहू दे." चिंधाला खरं वाटेना. पण सिंगी राजूची गोधडी माझ्या ओसरीवर ठेवून निघाली.

आता राजू इथे आहे. दुपारी स्वयंपाकघरात केशरबाईंजवळ, संध्याकाळी थावरीच्या ताटात. सकाळी प्रार्थनेला पहिल्या रांगेच्याही पुढे हात जोडून उभा राहतो आणि प्रार्थनेतल्या 'आम्ही'चं 'आमी' करून सगळ्यांच्या नंतर म्हणतो. त्याला पाहून दोन मुलींनी विचारलं, "सर, आमची भावंडं पण आणू?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

थावरी बाकावर बसून गणितं करते. हे तुम्हांला कळवायचं होतं.

रघुनाथ


देवबारी
२१ डिसेंबर २०२३

सुनंदाताई,

तपासणी झाली. अधिकारी नवे होते, वाईट नव्हते. राजू त्यांच्या पायाशी येऊन उभा राहिला. त्यांनी त्याला बिस्किट दिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "उद्या याला काही झालं तर जबाबदार कोण?"

लेखी आदेश आला आहे. चिंधाला निरोप पाठवला. तो काल येऊन राजूला घेऊन गेला. थावरीही त्यांच्याबरोबर गेली. कार्ड तिच्या दप्तरात आहे.

रघुनाथ


तंबूशाळा, बारडोलीजवळ
२९ डिसेंबर २०२३

भाऊ,

थावरी आली. कडेवर राजू. सहावीचं पुस्तक घेऊन दारापाशी उभी राहिली, गेल्या वर्षीसारखी.

तुमच्यावर रागावले आहे, हे लपवत नाही. आदेश आला तर आला. तीन महिने एवढं पोर कुठे लपवता आलं नसतं? तुमच्या घरात जागा नव्हती का? तुम्ही गेल्या हंगामात म्हणाला होतात, मी भांडेन. कुठे भांडलात?

सुनंदा


बारडोलीजवळ
२१ जानेवारी २०२४

भाऊ,

तीन दिवस फोन लावते आहे, लागत नाही. गावात निरोप पोचला असेल. तरी मलाच लिहायला हवं.

राजू गेला.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर थावरी भांडी घेऊन कालव्यावर गेली. मी तंबूत खडू-फळे पेटीत ठेवत होते. कालव्याचा उतार सिमेंटचा, त्यावर शेवाळ. राजू हल्ली पळायला लागला होता. तवा घासायला तिची पाठ वळली, तेवढंच. तिने मागोमाग उडी घेतली. उसाची गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने तिला ओढून काढलं. राजू कालव्याच्या पुढच्या दरवाजांपाशी सापडला.

पोलीस आले. जमादार गुजराती बोलत होता, चिंधाला धड कळत नव्हतं, म्हणून मी मध्ये उभी राहिले. त्याने विचारलं, मूल कोणाच्या ताब्यात होतं? चिंधा म्हणाला, बहिणीच्या. तिचं वय? बारा. जमादार लिहिता लिहिता थांबला. "बेन, एनाथी मोटुं कोई नहोतुं?" मी म्हटलं, तिच्याहून मोठी सगळी माणसं उसात होती. त्याने कागदावर 'बहीण, वय १२' एवढंच लिहिलं. लिहिण्यासारखं दुसरं नव्हतंच.

सिंगी रडली नाही. तिने राजूचं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि थावरीला एकदाच म्हणाली, "तू होतीस ना?" रागाने नाही, भाऊ. खरंच विचारल्यासारखं. थावरीने तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही.

गावी न्यायला मुकादमाने गाडी दिली नाही. बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. आणि शनिवारी त्या शेतातला ऊस संपला, म्हणून पडाव हलला. खोपी, भांडी, माणसं सगळं ट्रॅक्टरवर चढलं. थावरी मागच्या टोकाला बसली होती, तोंड बाभळीकडे करून. ट्रॅक्टर वळेपर्यंत ती तशीच होती. मी स्कूटी काढून मागे गेले नाही. जायला पाहिजे होतं का, कळत नाही.

चिंधाने मला सांगितलं, तुम्ही राजूला स्वतःच्या घरात ठेवतो म्हणाला होतात. तोच नको म्हणाला. "सरांची नोकरी जाईल, मग बाकीच्या पोरांचं काय?" हे तुम्ही मला का लिहिलं नाही? मी तुम्हांला काय काय लिहिलं!

सुनंदा


देवबारी
१६ फेब्रुवारी २०२४

सुनंदाताई,

तुमचं पत्र पोस्टमनने वर्गात आणून दिलं. मी ते वाचून घडी केली आणि तास पूर्ण केला. कोणता विषय होता ते आठवत नाही.

चिंधा नको म्हणाला हे लिहिलं नाही, कारण तेव्हा ते त्याच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. मी अजून जोरात म्हणू शकलो असतो. जाऊ द्या. तुम्ही माफी मागू नका, मीही मागत नाही. आपण दोघांनी ते पोर सांभाळायचा प्रयत्न केला.

तुमचं पत्र घेऊन मी प्रकल्प कार्यालयात गेलो. तेच अधिकारी होते. त्यांनी वाचलं. 'बहीण, वय १२' इथे आले आणि परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "वसावे, मी नियमच सांगितला होता हो." मी म्हटलं, "होय साहेब." त्यांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. शेवटी त्यांनी माझी जुलैची मागणी शोधून आणायला सांगितली.

ताई, आमच्या शाळेत नर्स आहे. ती नानसिंग नावाच्या मुलाला साप चावल्यानंतर आली. मुलींच्या वसतिगृहाला भिंत आहे. ती का आली, ते मी लिहीत नाही. पंप, गाडी, दिवे, एकेका सोयीकडे बोट दाखवून मी तुम्हांला एकेक नाव सांगू शकतो. पूर्वी मला याचा अभिमान वाटायचा, की सागाच्या वाशांपासून शाळा कुठवर आली. आता मी मैदानातून चालतो तेव्हा नावं ऐकू येतात. शासन शिकत नाही असं नाही. शिकतं. पण आमच्या पोरांवर शिकतं.

रघुनाथ


डिंडोली
१८ ऑगस्ट २०२४

भाऊ,

थावरी जूनला शाळेत आली का? एवढंच कळवा.

सुनंदा


देवबारी
२४ नोव्हेंबर २०२४

सुनंदाताई,

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. थावरी जूनला आली नाही. मी चार वेळा गेलो. ती मला पाहिलं की मागच्या दाराने रानात जायची. पाचव्यांदा सिंगीच बाहेर आली. म्हणाली, "आता तिचं कशाला अडलंय, सर? घेऊन जा." हे वाक्य ती बोलली आणि तिलाच ते सोसवलं नाही. ओसरीच्या खांबाला धरून खाली बसली.

खोली मंजूर झाली आहे. दिवाळीनंतर उघडली. सहा वर्षांखालची नऊ भावंडं, दोन मावश्या, खाली सतरंजी, दाराला कडी वरच्या बाजूला. प्रायोगिक तत्त्वावर आहे, पण लेखी आहे. साहेब स्वतः आले होते. भाषणात त्यांनी राजूचं नाव घेतलं नाही. मीच नको म्हटलं होतं. मला भिंतीवर पाटी नको होती.

त्याच दिवशी दुपारी थावरी एकटी चालत आली. अंगावर जुना गणवेश, आखूड झालेला. मुलं झोपली होती. ती खोलीच्या दारात उभी राहून पाहत होती. गेल्या डिसेंबरपासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"सर, आता लहान पोरं घेता?"

"घेतो."

"केवढी?"

"रांगणारं असलं तरी."

तिने झोपलेल्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग राजूला का नाही घेतलं?"

ताई, नियम बदलला म्हणून सांगावं, तर ती विचारणार, कधी बदलला? आणि का? तिला ते कळलंच असतं. मी म्हटलं, "चुकलं, बाळ." ती म्हणाली, "कोणाचं?"

मी तिला सातवीच्या वर्गात नेऊन बसवलं. ती बसली. रात्री जेवली नाही असं केशरबाई म्हणाल्या, पण गेली नाही, राहिली आहे.

यंदा आमच्या पाड्यांवरून एकही मुलगी पडावावर आलेली नाही. तुम्हांला तंबूत ओकंबोकं वाटत असेल. तुम्ही तिला लिहा. मी तिलाही तुम्हांला लिहायला सांगतो.

रघुनाथ


देवबारी
१५ डिसेंबर २०२४

सुनंदाबाईंना,

मी थावरी. सरांनी पत्र लिहायला सांगितलं. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही पाठवलेला कंपास मिळाला.

मी सातवीत आहे. मी माझ्या खाटेवर झोपते. बाजूला आमच्या पाड्यावरच्या मगन पाडवीची मुलगी आहे.

लहान पोरांच्या खोलीत मी जात नाही. सकाळी पाणी आणायला तिकडून जावं लागतं तेव्हा दुसरीकडे बघते. तिथे एक पोर आहे, राजूएवढं. त्याचं नाव रोशन आहे. ते कोणालाही बघून हात वर करतं. मी त्याला घेत नाही. सगळ्यांना माहीत आहे की मी घेत नाही.

आई तिकडेच आहे, उसात. यंदा दुसरा कालवा आहे असं बाबांनी फोनवर सांगितलं. बाई, तुम्ही बाभळीकडे जाता का? गेलात तर सांगा तिथे आता काय पेरलं आहे. ऊस असेल तर नका सांगू.

काल मावशी दूध आणायला गेल्या होत्या. दुसऱ्या मावशी एका पोराला धुवत होत्या. रोशन दारातल्या पायरीवरून पडला आणि रडायला लागला. कोणी नव्हतं. मी त्याला घेतलं. त्याचं नाक पुसलं. मग त्याने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि मला काय करावं ते कळलं नाही, म्हणून मी तशीच उभी राहिले. घंटा झाली तरी उभी होते.

मग मावशी आल्या. त्यांनी हात पुढे केले. मी त्यांच्याकडे दिला आणि वर्गात गेले.

गणित सुरू झालं होतं. मी बसले.

थावरी चिंधा पाडवी